विचारपूस कोणाची, जबाबदारी कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या गावी कार्यकर्त्यांचा एक छोटासा अभ्यासवर्ग झाला. विषय होता 'आपत्ती आणि शासनसंस्था'. चर्चेच्या ओघात एक तरुण साथी उठला आणि म्हणाला, "सर, पूर असो वा साथीचा रोग, माणसाला शेवटी माणूसच वाचवतो. शासन येते ते पंचनाम्यापुरते. मग निवेदने लिहीत बसण्यापेक्षा आपण सरळ परस्परसहाय्याची मंडळे का काढू नयेत?" त्याच्या बोलण्यात तळमळ होती आणि तिच्यामागे अनुभवही होता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही मला त्याला जागच्या जागी समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. घरी आलो आणि २०२० सालचे एक पत्र शोधून पुन्हा वाचले. ते पत्र कॅलिफोर्नियातले आहे. तिथल्या वणव्यांचा आपल्या प्रश्नाशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण थोडा धीर धरावा, ही विनंती.

माझी एक जुनी विद्यार्थिनी फ्रेस्नो या शहरात स्थायिक झाली आहे. २०२० च्या सप्टेंबरात त्या बाजूच्या डोंगरांत प्रचंड वणवा लागल्याचे वाचले आणि मी तिला दोन ओळी लिहिल्या: "सुखरूप आहेस ना?" उत्तर आले ते चांगले चार पानांचे. आपल्याला दोन दिवसांत हा प्रश्न तिसाव्यांदा विचारला जात आहे, असे तिने सुरुवातीलाच लिहिले होते. तिच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचे कुटुंब त्या वेळी प्रत्यक्ष आगीच्या कड्यात अडकले होते, त्याची हकीगत पुढे होती.

घटना अशी. फ्रेस्नोच्या ईशान्येला सिएरा नेवाडा पर्वताच्या कुशीत मॅमथ पूल नावाचा जलाशय आहे. सॅन वाकीन नदीवर वीज कंपनीने १९६० च्या सुमारास बांधलेल्या मातीच्या धरणामुळे तो तयार झाला. त्याच्या काठी राष्ट्रीय वनात तंबू ठोकून राहण्याच्या जागा आहेत. सुट्टी लागली की आसपासच्या शहरांतली मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबे तंबू, होड्या किंवा चाकांवरची घरे घेऊन तिथे येतात. वर्षानुवर्षे तीच माणसे येतात. त्यामुळे शेजारच्या तंबूतल्या आजोबांना मधुमेह आहे, पलीकडच्या बाईचे गुडघे दुखतात, ही माहिती आपल्या चाळीत असावी तशी तिथेही असते. शनिवार, ५ सप्टेंबर २०२० रोजी ती जागा भरलेली होती, कारण सोमवारी कामगार दिनाची सुट्टी होती. (अमेरिकेचा कामगार दिन मे महिन्यात नसून सप्टेंबरात असतो. शिकागोच्या १८८६ च्या लढ्यातून सगळ्या जगाला मे दिन मिळाला, आणि त्याच देशाच्या सरकारने १८९४ मध्ये, पुलमनचा संप ऐन भरात असताना, ही सप्टेंबरची सुट्टी कायद्याने दिली! असो.)

आदल्या संध्याकाळी काही मैलांवर पेटलेला 'क्रीक' वणवा शनिवारी एका दिवसात सुमारे पंधरा मैल धावला. धुराचा ढग सुमारे पन्नास हजार फूट उंच गेला. बाहेर पडण्याचा रस्ता आगीने बंद केला. काही जणांनी गाड्या काढून ज्वाळांतून निघून जाण्याचा प्रयत्न केला. त्यांना भाजले, आणि परत फिरावे लागले. जिथे आहात तिथेच थांबा, वेळ आली तर पाण्यात उतरा, एवढीच सूचना अधिकाऱ्यांना देता आली.

पुढे काय घडले ते त्या कुटुंबाने सांगितल्याप्रमाणे तिने लिहिले होते. कोणी नेमलेले नसताना चारदोन माणसे तंबूतंबूंत फिरू लागली. कोण आले, कोण मासे धरायला वरच्या बाजूला गेले आहे, कोणाची मुले दिसत नाहीत, याची मोजणी सुरू झाली. होड्या उतरवण्याच्या धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत गाड्या दाटीवाटीने लावल्या गेल्या. ज्यांचे वाहन जळाले त्यांना दुसऱ्यांनी आपल्यात घेतले. ओले सदरे तोंडाला बांधून माणसे पाण्याकाठी बसली आणि दर काही मिनिटांनी अंधारातून हाका येत राहिल्या: तुम्ही ठीक आहात ना? तुमच्यातले सगळे आहेत ना?

या हाकांविषयी मला आदर आहे, आणि तो आधी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या लिखाणाचा विपर्यास होणार नाही. माणूस हा मुळात स्वार्थी प्राणी आहे, या गृहीतकावर आमच्या शास्त्राची अर्धी इमारत उभी आहे. आपत्तीत तर तो लुटारूच बनतो, असा सत्ताधाऱ्यांचा लाडका समज आहे. क्रोपॉटकिनने १९०२ मध्ये 'परस्परसहाय्य' हा ग्रंथ लिहून पहिल्या गृहीतकाला आव्हान दिले. रिबेका सोल्निट या कॅलिफोर्नियाच्याच लेखिकेने २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपापासूनचे दाखले देऊन दुसऱ्या समजाची वाट लावली. संकटात बहुसंख्य माणसे एकमेकांकडे धावतात, हे आता सिद्ध झालेले आहे. आमच्या तरुण साथीचे पहिले विधान म्हणून बरोबरच आहे.

परंतु मॅमथ पूलची कथा तिथे संपत नाही. त्या हाका कितीही प्रेमाच्या असल्या तरी त्यांनी रस्ता उघडला नसता, भाजलेल्या माणसाला रुग्णालयात पोचवले नसते. ते केले कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी. शनिवारी रात्री, धुरामुळे समोरचे काही दिसत नसताना, अंधारात पाहण्याची उपकरणे लावून वैमानिकांनी ती धक्क्याजवळ उतरवली, आणि काही फेऱ्यांत दोनशेहून अधिक माणसांना फ्रेस्नोच्या विमानतळावर आणले. आत आसने किती, माणसे किती, हा हिशेब त्या रात्री कोणी पाहिला नाही. जमिनीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांचे छायाचित्र तेव्हा जगभर छापून आले. आणि इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हेलिकॉप्टर उतरले तेव्हा आधी कोणाला चढवायचे, जखमी किती, म्हातारी माणसे कुठे बसली आहेत, ही माहिती काठावर अगोदरच गोळा झालेली होती. ती गोळा केली होती तंबूतंबूंत फिरणाऱ्या त्या चारदोन माणसांनी. हेलिकॉप्टर आले नसते तर त्यांच्या यादीचा उपयोग मृतांची ओळख पटवण्यापुरता झाला असता. आणि यादी नसती तर हेलिकॉप्टरचा मोलाचा वेळ वाया गेला असता.

या परस्परावलंबनाकडे आमच्या शास्त्रात फार थोड्यांनी लक्ष दिले. रिचर्ड टिटमस हा त्यांतला एक. १९७० मध्ये त्याने रक्तदानावर एक पुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये तेव्हा रक्त दान म्हणून मिळत होते आणि अमेरिकेत त्याचा मोठा हिस्सा विकत घेतला जात होता, या दोन व्यवस्थांची त्याने तुलना केली. माणसे उदार असतात, एवढे सांगून तो थांबला नाही. अनोळखी माणसासाठी रक्त देण्याची ब्रिटिश नागरिकाची प्रवृत्ती टिकली, कारण ते रक्त पैसे न घेता गरजूपर्यंत पोचवणारी सार्वजनिक आरोग्यसेवा उभी होती, हा त्याचा खरा मुद्दा होता. औदार्याला संस्था लागते. संस्था मोडली की औदार्य काही दिवस एकट्याने धावते, मग धापा टाकते आणि शेवटी आपल्या नात्यागोत्यापुरते आक्रसते.

संस्था मोडते म्हणजे काय होते, हे पाहायचे तर दोन वर्षे मागे, ८ नोव्हेंबर २०१८ कडे गेले पाहिजे. त्याच राज्याच्या उत्तर भागात पॅराडाइज नावाचे डोंगरावरचे गाव त्या दिवशी काही तासांत जळाले. ८५ माणसे मेली. त्यांत बहुतेक वृद्ध. (या वणव्याला 'कॅम्प' वणवा म्हणतात, ते जवळच्या एका रस्त्याच्या नावावरून, तंबूंशी त्याचा संबंध नाही.) हे श्रीमंतांचे गाव नव्हे. निवृत्तिवेतनावर जगणारी, शहरातले भाडे न परवडणारी माणसे तिथे राहत. कित्येकांची घरे म्हणजे कमी भाड्याच्या वसाहतींतली चाकांवरची घरेच होती. धोक्याचा इशारा देणारी दूरध्वनी-व्यवस्था होती, पण ज्यांनी आधी नाव नोंदवले होते त्यांच्यासाठी. आणि मोबाइलचे मनोरेच जळून पडल्यावर नोंदवलेल्यांचाही संपर्क तुटला. मग उरली ती शेजाऱ्याची दारावरची थाप.

अशा थापा त्या दिवशी पुष्कळ पडल्या. जवळच्या गावात कचरा उचलणाऱ्या गाडीचा एक चालक होता. आपल्या वाटेवर ९३ वर्षांची एक बाई एकटी राहते, हे त्याला ठाऊक होते; तो तिच्या दाराशी गेला आणि तिला आपल्या गाडीत घालून डोंगराखाली घेऊन आला. शाळेच्या बसचा एक चालक आणि दोन शिक्षिका यांनी २२ मुलांना पाच तास ज्वाळांतून नेऊन वाचवले. बसच्या त्या प्रवासावर २०२५ मध्ये चित्रपटही निघाला. चांगलेच झाले. मात्र कामगाराच्या धाडसावर चित्रपट निघतो आणि ज्या व्यवस्थेमुळे ते धाडस करावे लागले तिच्यावर चौकशीचा अहवाल निघतो. चित्रपट लाखो लोक पाहतात, अहवाल कपाटात जातो. म्हणून त्या अहवालांतले थोडेसे इथे सांगतो.

आग लागली ती विजेच्या तारेमुळे. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या खाजगी कंपनीच्या उच्च दाबाच्या वाहिनीवर, एका मनोऱ्यावरचा जवळजवळ शंभर वर्षांचा लोखंडी आकडा झिजून तुटला आणि तार निसटली. तपासणी व दुरुस्ती यांत झालेली वर्षानुवर्षांची हयगय उघड झाली. देखभालीवर खर्च करावा की भागधारकांना लाभांश द्यावा, या प्रश्नाचे उत्तर खाजगी मक्तेदारी कोणत्या बाजूने देते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. जून २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात ८४ माणसांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलर. तुरुंगात कोणीच गेले नाही, कारण कंपनीला हातकड्या घालता येत नाहीत! याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. वणव्यांत होरपळलेल्यांसाठी १३.५ अब्ज डॉलरचा निधी ठरला. त्यातला निम्मा भाग रोख नव्हता, त्याच कंपनीच्या समभागांच्या रूपात होता. ज्या कंपनीने घर जाळले तिचा भाव बाजारात वर जावा, अशी प्रार्थना जळालेल्या माणसाने करायची. भांडवलशाहीवर टीका करणारी पुस्तके मी आयुष्यभर वाचली, पण अशी कल्पना कोणाही टीकाकाराला सुचलेली माझ्या वाचनात नाही.

पॅराडाइजमधून खाली आलेली माणसे चिको या शहरात पोचली. तिथे आधीच घरांची टंचाई. शेकडो कुटुंबे एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर तंबू ठोकून, नाहीतर गाडीतच झोपून राहू लागली. तिथेही रोज सकाळी तंबूतंबूंत विचारपूस होई, गरम कॉफी वाटली जाई, हरवलेल्यांची नावे फळ्यावर लावली जात. स्वयंसेवकांनी अहोरात्र काम केले. पण नोव्हेंबरच्या अखेरीस पाऊस आणि थंडी आली, आणि त्या विचारपुशीजवळ घर नव्हते. मॅमथ पूलचे तंबू हौसेचे होते; हे तंबू गरजेचे होते. पहिल्या ठिकाणी दोन रात्री काढून माणसे आपापल्या घरी गेली, दुसऱ्या ठिकाणी जायला घरच उरले नव्हते. २०२४ च्या गणनेत कॅलिफोर्नियात सुमारे १ लाख ८७ हजार माणसे बेघर आढळली. जगातल्या अत्यंत श्रीमंत प्रदेशांपैकी एकात तंबू ही आता केवळ सहलीची वस्तू राहिलेली नाही.

आणखी एक छावणी तिथे आहे, आणि तिच्याविषयी बोलताना संकोच वाटतो. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून कैद्यांच्या छावण्या आहेत. त्यांना 'संवर्धन छावणी' असे सोज्वळ नाव आहे. तिथले कैदी वणव्यापुढे जाऊन झाडोरा तोडतात, जमीन खरवडून आगीची वाट अडवतात. हे काम शिपायाच्या कामाइतके जिवावरचे. २०२० मध्ये आगीशी लढतानाचा त्यांचा मोबदला तासाला एक डॉलर होता, त्याशिवाय दिवसाचा काही डॉलरांचा भत्ता. त्या वर्षी करोनामुळे काही कैद्यांची लवकर सुटका झाली, काही छावण्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि हात कमी पडू लागले तेव्हा हे राज्य आपल्या संरक्षणासाठी कोणावर अवलंबून आहे ते लोकांना कळले. सुटल्यावर अग्निशमन दलात नोकरी मिळण्याचा मार्ग या माणसांना जवळजवळ बंदच होता. तो थोडा मोकळा करणाऱ्या कायद्यावर राज्यपालांनी सही केली ती ११ सप्टेंबर २०२० रोजी, क्रीक वणवा पेटल्यानंतर आठवड्याने. याच्या उलट टोकाला, २०१८ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडील वणव्यात काही धनिकांच्या बंगल्यांभोवती खाजगी अग्निशामक पथके उभी होती. काही विमा कंपन्याही आपल्या बड्या ग्राहकांसाठी अशी पथके पाठवतात. एकीकडे तासाला एक डॉलर घेऊन सगळ्यांचे रान राखणारा कैदी, दुसरीकडे एकाच बंगल्याचे रक्षण करणारे भाडोत्री पथक. हवा, आग आणि धूर मात्र सगळ्यांना सारखे.

शासनाने काही केले नाही असे नव्हे. त्याने चुकीच्या टोकाला केले. अमेरिकेच्या वनखात्याच्या खर्चात आगीशी लढण्याचा वाटा १९९५ मध्ये १६ टक्के होता, तो २०१५ मध्ये निम्म्याहून अधिक झाला. म्हणजे जंगल निरोगी ठेवणे, वाळलेला झाडोरा काढणे, वस्तीभोवती मोकळे पट्टे राखणे यांसाठीचा पैसा आग विझवण्यात गेला, आणि त्यामुळे पुढची आग अधिक मोठी झाली. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या दुष्काळाने आणि सालीतल्या किड्यांनी राज्यात मारलेल्या झाडांची संख्या २०१७ च्या अखेरीस सुमारे १२ कोटी ९० लाखांवर गेली होती. क्रीक वणव्याने पावणेचार लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले, त्यात हे सरपण पुष्कळ होते. त्याच डोंगरात पिढ्यान्पिढ्या राहणारे मोनो आदिवासी ठरावीक काळाने लहान आगी लावून रान मोकळे ठेवत असत. गोऱ्या सत्तेने त्यांना शंभर वर्षे गुन्हेगार ठरवले. १४ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प कॅलिफोर्नियात आले, हेलिकॉप्टरवरच्या सात जणांना शौर्यपदके दिली, आणि त्याच दौऱ्यात तापमानवाढीचा मुद्दा निघाला तेव्हा, आता लवकरच गारवा येईल, असे सांगून मोकळे झाले. पदके योग्य माणसांना मिळाली, एवढे खरे.

आमच्या साथीला माझे म्हणणे असे की परस्परसहाय्याची मंडळे जरूर काढावीत. ती नसतील तर शासनाचे हेलिकॉप्टर आंधळे राहील. पण ती काढताना 'शासन नको' ही घोषणा आपण देऊ नये, कारण ती घोषणा आपली नाहीच. ती लाभांश वाटणाऱ्यांची आहे. 'लोक किती समर्थ आहेत!' अशी स्तुती करून खर्चात कपात करणारे अर्थमंत्री सर्व देशांत आहेत. दुसरे असे की विचारपूस ही ओळखीच्या वाटेने जाते. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही, आणि असा माणूस बहुधा सगळ्यांत गरीब असतो. शासनाच्या यादीत नाव असणे हा त्या माणसाचा एकमेव आधार.

विद्यार्थिनीच्या पत्राचा उत्तरार्ध याविषयीच होता. फ्रेस्नोच्या परिसरात सप्टेंबर हा मनुकांच्या द्राक्षांचा हंगाम. शहर धुराने काळवंडले, शहरातली मंडळी दारेखिडक्या लावून बसली, पण द्राक्षमळ्यांत मेक्सिकोतून आलेले मजूर घड तोडतच होते. धूर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर मालकाने मजुरांना योग्य मुखपट्ट्या द्याव्यात, असा नियम राज्याने २०१९ मध्ये केला होता. परंतु करोनाच्या त्या वर्षी मुखपट्ट्या रुग्णालयांनाही पुरत नव्हत्या. ज्यांच्याजवळ कागदपत्रे नाहीत त्यांना केंद्र सरकारची साथकाळातली रोख मदतही मिळाली नाही. "सर, मला तिसांनी विचारले, त्यांना कोणी विचारले असेल?" असे तिने लिहिले होते.

वणवा शांत झाल्यावर तिच्या गल्लीतील लोकांनी एकटे राहणाऱ्यांची यादी केली. पुढच्या वेळी कोणी कोणाच्या दारावर थाप मारायची ते ठरवले. यादी करताना तिच्या लक्षात आले की दर बुधवारी सगळ्या गल्लीतल्या बागा कापायला येणाऱ्या माळ्याचे नाव तिच्यात नाही. चार वर्षे तो येत होता आणि तो राहतो कुठे हे कोणालाच माहीत नव्हते. पुढच्या बुधवारी तिने त्याला विचारले. तो डोंगराच्या पायथ्याशी, चाकांवरच्या घरांच्या एका वसाहतीत, बायको आणि दोन मुलांसह राहत होता. आगीच्या आठवड्यात वसाहत रिकामी करण्याचा हुकूम आला, तेव्हा चारही जण तीन रात्री त्याच्या गवत कापण्याच्या यंत्रांच्या गाडीत झोपले होते. बुधवारी तो नेहमीप्रमाणे कामावर आला होता, असे तिने लिहिले आहे.